दुधावाचून मलई

मूल दूध पीत नाही म्हटले की सगळे घर त्या मुलाच्या, आणि त्याहून जास्त त्याच्या आईच्या मागे लागते. सासूबाई म्हणतात, "लाडावून ठेवलंय." शेजारीण म्हणते, "नाक दाबून पाजा, सवय होईल." कुणी हळद घालायला सांगते, कुणी वेलदोडा, कुणी डब्यातली चॉकलेटची पूड. मुलाच्या पोटात दूध गेल्यावर होते तरी काय, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

मी पालमला अर्धवेळ शिक्षिका आहे. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला पोट धरून बसणारी एखादी मुलगी वर्गात असतेच. "अभ्यास नको म्हणून सोंग करते," असा शिक्का तिच्यावर लवकर बसतो. अशाच एका मुलीच्या आईला मी विचारले, "सुटीच्या दिवशी दुखतं का हो तिचं पोट?" त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "नाही बाई. सुटीत ती उशिरा उठते, दूध घेतच नाही, सरळ भाकरी खाते." झाले! सोंग पोरीचे नव्हते, प्रश्न पेल्यातल्या दुधाचा होता. डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितले. पण त्या माउलीचा खरा प्रश्न वेगळाच होता. "दूध बंद केलं, लोणी-साय बंद केली, मग पोळीला लावून द्यायचं तरी काय? कोरडी पोळी ती खात नाही, आणि घरात सगळे म्हणतात, पोरीला उपाशी मारतेस."

आजचे सदर त्या प्रश्नासाठी. दूध, लोणी, साय, चीज यांतले काहीही न घालता मऊसूत, मलईसारखी, भाज्या आणि कोथिंबीर-पुदिना घातलेली चटणी घरच्या घरी कशी करायची ते पाहू. बाजारात बरणीत भरून 'सँडविच स्प्रेड' म्हणून मिळते ना, त्याच जातीची; पण आपल्या दाण्यांची, आपल्या तिळाची.

आधी थोडे पोटाचे शास्त्र. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला आपल्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर तयार होते. अंगावर पिणाऱ्या बाळात ते भरपूर असते. पुढे वय वाढते तसे पुष्कळ माणसांत ते कमी होत जाते, आणि आपल्या देशात असे लोक थोडेथोडके नाहीत. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, आणि पोट फुगणे, कळा येणे, गुडगुडणे, पातळ शौचाला होणे असे प्रकार सुरू होतात. हा काही मुलाचा हट्ट नव्हे आणि आईची हयगयही नव्हे. अशा बऱ्याच जणांना दही-ताक मात्र सोसते, कारण विरजणातले जंतू त्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात.

दुसरा प्रकार दुधाच्या ॲलर्जीचा. तो यापेक्षा पुष्कळ गंभीर. यात त्रास साखरेचा नसून दुधातल्या प्रथिनांचा असतो. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, दम लागणे असे काही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. अशा मुलाला दही, ताक, खवा, पनीर काहीच चालत नाही आणि चमच्याला लागलेले दूधही बाधू शकते. दोहोंतले नेमके काय आहे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे दूध आपल्या मनाने कधीही बंद करायचे नाही. आईच्या दुधाची जागा कुठलीच चटणी घेऊ शकत नाही, बरं का!

आता वळू स्वयंपाकघराकडे. 'दुधाशिवाय मलई' ऐकायला नवे वाटते, पण आपल्या मराठवाड्याच्या चुलीला ते मुळीच नवे नाही. दाण्याची आमटी आठवा. तिच्यात दुधाचा थेंब नसतो, तरी ती किती दाट आणि गुळगुळीत होते! भोगीच्या भाजीला दाटपणा येतो तो तीळकुटाने आणि दाण्याच्या कुटाने. हिवाळ्यात हुरड्याच्या वेळी आपल्या परभणीकडे शेतात जी मेजवानी होते, तिथे ताटाच्या कडेला दाण्याची, तिळाची, जवसाची, कारळाची चटणी असतेच. कोरडवाहू मुलुखातल्या बायकांनी तेलबियांतून स्निग्धपणा काढायला केव्हाच शिकून घेतले होते. दुष्काळात चारा संपला की आधी दूध आटते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते वर्ष आपण विसरलेलो नाही. तशा दिवसांत डब्यातले दाणे आणि तीळच घराची लाज राखतात.

दाण्यातून मलई येते कशी? दुधात स्निग्धांशाचे अगदी बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि दुधातली प्रथिने त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत, म्हणून दूध पांढरे आणि मऊ लागते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा भाग तेल आणि सुमारे चौथा भाग प्रथिने. दाणे भिजवून, शिजवून पाण्याबरोबर खूप बारीक वाटले की तेलाचे तसेच बारीक थेंब होतात आणि दाण्यातली प्रथिने त्यांना धरून ठेवतात. मात्र दाणे भाजून वाटले तर तेल सुटते, रंग तांबूस येतो आणि चव नेहमीच्या चटणीची लागते. म्हणून इथे दाणे भाजायचे नाहीत, शिजवायचे. सगळी मेख इथेच आहे.

साहित्य असे घ्यावे: एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, कच्चे शेंगदाणे, दोन मोठे चमचे तीळ, एक मध्यम गाजर, एक लहान ढोबळी मिरची, एक वाटी चिरलेली कोथिंबीर, कोवळ्या काड्यांसकट, पुदिन्याची दहा-बारा पाने, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, एक-दोन हिरव्या मिरच्या, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा जिरे, पाऊण चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसे थंड पाणी. एवढ्यात चारशे ग्रॅमच्या आसपास चटणी होते. चार-पाच जणांच्या घराला दोन दिवस पुरते.

कृती: दाणे आधी परातीत पसरून निवडावेत. सुरकुतलेले, काळपट पडलेले, बुरशीचा डाग असलेले दाणे काटकसर म्हणून ठेवू नयेत, सरळ टाकून द्यावेत. ओलसर जागी राहिलेल्या दाण्यांवर एक प्रकारची बुरशी येते आणि तिचे विष यकृताला घातक असते. ते भाजल्याने किंवा शिजवल्याने जात नाही. एखादा दाणा खवट, कडू लागतो तेव्हा जीभ आपल्याला इशाराच देत असते.

निवडलेले दाणे रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरे. जास्त ठेवले तर पाणी आंबूस होते. सकाळी ते पाणी ओतून टाकून दाणे हातांनी चोळावेत. निम्मी-अधिक साले सुटून वर येतात, ती काढावीत. सगळी काढायचा अट्टहास नको. फक्त रंग जरा तपकिरी येईल, इतकेच. मग ताजे पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या द्याव्यात. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. शिजलेले दाणे निथळून पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम दाणे मिक्सरला लावू नयेत. वाफेने झाकण उडते आणि पुढे कोथिंबीरही काळवंडते.

तोवर भाज्या करून घ्याव्यात. गाजर किसावे, ढोबळी मिरची अगदी बारीक चिरावी. कढईत तेल तापवून जिरे तडतडू द्यावे, ठेचलेला लसूण परतावा, मग भाज्या आणि चिमूटभर मीठ घालून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे परतावे. पाणी आटले पाहिजे, पण भाजीचा कुरकुरीतपणा जाता कामा नये. भाजीत पाणी राहिले तर चटणी सैल होते, डब्यात पोळी ओली होते आणि चटणी लवकर आंबते. काकडी घालायची हौस असेल तर किसून, मीठ लावून दहा मिनिटे ठेवावी आणि घट्ट पिळून मगच घालावी. ती चटणी मात्र त्याच दिवशी संपवावी. भाज्या ताटलीत पसरून गार कराव्यात.

आता वाटण. यात क्रम महत्त्वाचा आहे. तीळ मंद आचेवर नुसते गरम करावेत, लाल करू नयेत. गार झाले की लहान भांड्यात कोरडेच वाटावेत. दाण्यांबरोबर टाकले तर ते तसेच आख्खे राहतात. मग शिजलेले दाणे आणि दोन-तीन चमचे थंड पाणी घालून फिरवावे. थांबावे, कडेचे वाटण चमच्याने खाली ओढावे, पुन्हा चमचाभर पाणी घालून फिरवावे. पाणी एकदम ओतू नये. एकदा सैल झालेले वाटण पुन्हा घट्ट होत नाही. बोटांत धरून पाहावे. रवा लागला तर आणखी फिरवावे. एका दमात पाच मिनिटे फिरवले तर मिक्सर तापतो, म्हणून मधे थोडी विश्रांती द्यावी. माठातले पाणी वापरले तरी छान.

वाटण लोण्यासारखे झाले की कोथिंबीर, पुदिना, मिरच्या आणि उरलेले मीठ घालून थांबत थांबत तीन-चार वेळाच फिरवावे. पुदिना फार वेळ वाटला तर कडवट होतो. लिंबू सर्वांत शेवटी. लिंबाने चटणी किंचित घट्ट होते आणि चवीला जरा दह्याची आठवण येते. आंबटामुळे दुसऱ्या दिवशी हिरवा रंग थोडा शेवाळी दिसतो, चव मात्र बिघडत नाही. शेवटी परतलेल्या भाज्या चमच्याने मिसळाव्यात, मिक्सरला लावू नयेत. मऊ वाटणात मधेच गाजराचा गोडसर तुकडा दाताखाली आला पाहिजे.

वीज गेली तर? आपल्या गावांना हा प्रश्न विचारावाच लागतो! पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच. तीळ आधी, दाणे मग, कोथिंबीर शेवटी हाच क्रम. पाट्यावरची चटणी जास्त गुळगुळीत होते असे जाणत्या बायका सांगतात ते खोटे नाही. फक्त मिक्सरसारखी दहा मिनिटांत होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता हिची काही भावंडे. दोडका सोलल्यावर शिरा निघतात. त्या तेलावर कुरकुरीत परतून घातल्या की टाकाऊतून टिकाऊ! वांगे भाजून, सोलून, त्याचे पाणी निथळून घातले तर धुरकट वासाची चटणी होते. यात पुदिना नको, लसूण थोडा जास्त हवा. लाल भोपळा वाफवून घातला तर गोडसर, लहान मुलांना आवडेल अशी होते; तिच्यात मिरचीऐवजी मिऱ्याची पूड घालावी. ओव्याच्या झाडाची दोन पाने किंवा मूठभर कोवळी मेथी घातली तर निराळाच स्वाद येतो. भाजलेल्या जवसाची एक चमचा पूड कुठल्याही प्रकारात मिसळता येते.

शेंगदाणाच ज्यांना बाधतो, त्यांनी हा घाट मुळीच घालू नये. त्यांनी भिजवून मऊ शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि टरबुजाच्या सोललेल्या बिया घेऊन हीच कृती करावी. तिळाचीही काहींना ॲलर्जी असते, हेही ध्यानात ठेवावे. नवा पदार्थ मुलाला पहिल्यांदा द्यायचा तर नखाएवढाच द्यावा आणि घरी असतानाच द्यावा. आणखी एक. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आख्खे दाणे देऊच नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. त्यांना चटणी द्यायची तर बारीक वाटून, पोळीवर पातळ पसरून द्यावी.

टिकण्याविषयी. हिच्यात शिजलेले दाणे, भाजी आणि पाणी आहे, म्हणून ती लोणच्यासारखी फळीवर ठेवायची वस्तू नव्हे. फ्रिजमध्ये कोरड्या काचेच्या बरणीत तीन दिवस. रोज कोरडा चमचा वापरावा. फ्रिज नसेल तर सकाळची दुपारच्या जेवणात संपवावी. आपल्या भागात पारा चाळिशीपार जातो तेव्हा तर दुपारनंतर ठेवूच नये. वरून तेल ओतले की टिकते, हा समज मनातून काढून टाकावा. लसूण घातलेले ओलसर वाटण तेलाखाली दिवसेंदिवस बाहेर राहिले, तर हवा न लागणाऱ्या जागी वाढणारे जंतू त्यात विष तयार करू शकतात, आणि ते वासाने किंवा चवीने कळत नाही.

कधी बाजारची बरणी आणावीच लागली तर लेबल वाचायला शिका. हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी आहे, त्यात दूध नाही असा त्याचा अर्थ नव्हे. दूध घन, व्हे, केसीन, मिल्क पावडर यांतला एकही शब्द दिसला तर त्यात दूध आहे. ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची सूचना पाकिटावर निराळी छापलेली असते, ती पाहावी. २०२२ साली आपल्याकडे दूध आणि इतर प्राणिजन्य घटक नसलेल्या खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले. अशा पाकिटावर इंग्रजी 'व्ही' अक्षराचे हिरवे चिन्ह असते.

आता जरा हिशेब. दूध सोडले म्हणजे नुसती मलई जात नाही, कॅल्शियमही जाते. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि दुधाच्या पेलाभरात सुमारे अडीचशे. हे वाचून हुरळून मात्र जाऊ नका. आपल्या सगळ्या चटणीत तीळ दोनच चमचे, आणि त्यातली एका मुलाच्या वाट्याला येते ती थोडीशी. शिवाय तिळातले सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही. तेव्हा पॉलिश न केलेले तीळ घ्या, आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी करा आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी विसरू नका. बी-१२ हे जीवनसत्त्व तर वनस्पतींतून पुरेसे मिळतच नाही. शाकाहारी घरातल्या मुलाला दही-ताकही सोसत नसेल, तर त्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. प्रथिनांची बाजू मात्र भक्कम आहे: दीडशे ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात.

ही चटणी पोळीला लावून गुंडाळी करा, दोन पावांत भरा, धिरड्याबरोबर द्या. पण ज्वारीच्या भाकरीशी तिचे खरे गूळपीठ! आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले आहे. त्याचे दाणे मिळाले तर जरूर दळून आणा. चटणीतले लिंबू तिथेही कामाला येते, कारण आंबटामुळे धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. बचत गटातल्या भगिनींना ही चटणी करून विकावीशी वाटली तर आधी अन्न परवान्याची नोंदणी करावी, बरणीवर केल्याची तारीख घालावी आणि 'शेंगदाणे व तीळ आहेत' असे ठळक लिहावे.

शेवटी एक मनातले बोलते. दूध मोजकेच असले तर घरात त्याची वाटणी कशी होते, आपण सगळ्या जाणतो. आधी मुलांना, मग म्हाताऱ्या माणसांना, मग यांच्या चहाला. आणि भांडे विसळून जे पांढरे पाणी उरते, त्यावर आपला चहा. दाण्याच्या चटणीचेही तेच व्हायला वेळ लागणार नाही. डबे भरले, ताटे वाढली आणि आपल्याला बरणीच्या कडेचे पुसलेले मिळाले, असे होऊ देऊ नका. ज्या मुलीला दूध सोसत नाही, ती पुष्कळदा दूध न सोसणाऱ्या आईचीच मुलगी असते. फरक इतकाच, की आईच्या पोटदुखीची चौकशी कुणी केलेली नसते. दूध घेतल्यावर तुमचेही पोट फुगत असेल तर तीही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि चटणी बरणीत भरण्याआधी दोन चमचे स्वतःसाठी वाटीत काढून ठेवा. आपला वाटा आधी काढला म्हणून घर काही उपाशी राहत नाही.

पुढच्या वेळी कारळ आणि जवस यांची निवड आणि साठवण पाहू. तोवर दाणे भिजत घाला!